कूलंटचा दिवा पेटतो, पण टाकी तर भरलेली दिसते

गाडी चालू करताच डॅशबोर्डवर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, लाल दिवा लुकलुकतो, बीप वाजतो. बॉनेट उघडून बघावं तर टाकीतलं कूलंट खुणेपर्यंत आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात त्या दिव्याची सवय होते, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. ज्या दिवशी रेडिएटरचा होज पाईप खरोखर फाटेल, त्या दिवशीही हाच दिवा पेटणार आहे आणि त्याच्याकडे कुणी बघणार नाही.

म्हणून हा दिवा नेमकं काय सांगतो ते आधी नीट समजून घेऊ. 'कूलंट कमी झालंय' असं तो सांगत नाही. लेव्हल सेन्सरच्या सर्किटमधून जो सिग्नल यायला हवा तो येत नाहीये, एवढंच तो सांगतो. कूलंट कमी असणं हे त्यामागचं एक कारण झालं. सेन्सरच्या पिनांवर चढलेला थर, सैल कनेक्टर, उंदराने कुरतडलेली वायर, टाकीत ओतलेलं चुकीचं पाणी, यांतल्या कशामुळेही तोच दिवा तसाच पेटतो. यातलं नेमकं काय झालंय हे बऱ्याच वेळा घरच्या घरी, पान्याला हात न लावता शोधता येतं. त्यासाठी टाकीच्या आत काय चालतं एवढं कळलं पाहिजे.

त्याआधी सुरक्षिततेचं. चालत्या गाडीत हा दिवा पेटला तर तो खरा आहे असंच धरून चालायचं. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास थांबा. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. झाकणाखाली साधारण एक बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो आणि शंभरच्या वर तापलेलं सगळं पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. ओला फडका टाकून हळूच उघडण्याची जी पद्धत रस्त्यावर दिसते, तिच्यामुळे चेहरे आणि हात भाजलेत. टाकीची भिंत पारदर्शक असते ती याचसाठी, बाहेरूनच बघायचं.

बाहेरून बघण्यातही एक गोम आहे. पाच-सात वर्षं जुनी टाकी पिवळट पडलेली असते आणि आतून तिच्यावर तपकिरी डागाची रेघ उमटलेली असते, नेमकी जिथे वर्षानुवर्षं कूलंट होतं तिथेच. टाकी अर्धी रिकामी झाली तरी ही रेघ तशीच दिसते आणि बघणारा म्हणतो, 'भरलेली आहे की.' मोबाईलचा टॉर्च टाकीच्या मागून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी बाजूने हलवायला सांगा. कूलंट असेल तर रेघ हलेल, डाग असेल तर हलणार नाही. मला विचाराल तर 'सेन्सर खराब' या निदानापर्यंत जाण्याआधी ही एक गोष्ट प्रत्येकाने केलीच पाहिजे.

दुसरी गोम टाक्यांच्या प्रकारात आहे. फोक्सवॅगन, स्कोडा, फोर्ड यांच्या गाड्यांत टाकी ही दाबाखालच्या यंत्रणेचाच भाग असते, झाकणही तिच्यावरच असतं. पण पुष्कळ जपानी बनावटीच्या गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची प्लास्टिकची बाटली फक्त उतू आलेलं कूलंट साठवते. इंजिन थंड होताना रेडिएटरने ते परत ओढून घ्यायचं असतं. झाकणातली छोटी झडप अडकली किंवा बारीक रबरी नळीला चीर गेली, तर ते परत ओढलं जात नाही. मग बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी अवस्था होते. अशा गाडीत इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघितल्याशिवाय 'पाणी आहे' असं म्हणू नये.

आणि अनेक छोट्या गाड्यांत लेव्हलचा सेन्सर मुळात नसतोच. तिथला लाल दिवा तापमानाचा असतो. तो पेटला तर सेन्सर शोधत बसण्याची ती वेळ नव्हे. काही गाड्यांत एकच खूण दोन्ही कामं करते, लेव्हल कमी झाली तरी आणि इंजिन तापलं तरी. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, ते पान एकदा वाचून ठेवा.

टाकीच्या आत

आपल्याकडे सगळ्यांत जास्त भेटणारं उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून २००९ ते २०२२ या काळात निघालेली फोक्सवॅगन पोलो. हजारो गाड्या आजही महाराष्ट्रभर पळतायत, आणि सेकंडहँड बाजारात सर्रास मिळतात. तिच्या कूलंटच्या गोल टाकीखाली दोन वायरींचा छोटा कनेक्टर असतो. तो काढला की टाकीच्या प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या दोन धातूच्या पिना दिसतात. त्या पिना आत, टाकीच्या पोटात, काही अंतर वर गेलेल्या असतात. सेन्सर म्हणजे एवढंच. ना तरंगणारा फ्लोट, ना हलणारा भाग.

कूलंट वीज वाहून नेतं. त्यात पाणी आणि ग्लायकॉल असतं, शिवाय गंजरोधक रसायनं विरघळलेली असतात आणि त्यांच्या आयनांमुळे ते चांगलं वाहक बनतं. दोन्ही पिना कूलंटमध्ये बुडालेल्या असल्या की एका पिनेतून दुसऱ्या पिनेत बारीकसा प्रवाह जातो. डॅशबोर्डमागचं इलेक्ट्रॉनिक्स तो बघतं आणि गप्प राहतं. लेव्हल खाली गेली, पिना उघड्या पडल्या, की प्रवाह तुटतो आणि दिवा पेटतो. म्हणजे या प्रकारात 'सर्किट जोडलेलं' म्हणजे ठीक, 'सर्किट तुटलेलं' म्हणजे पाणी कमी. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच उभी आहे.

दुसरा प्रकार फ्लोटचा. टाकीत एक छोटा पोकळ फ्लोट असतो, त्यात चुंबक. बाहेरून, टाकीच्या तळाशी किंवा कुशीत, काचेच्या इवल्याशा नळीत लोखंड-निकेलच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. याला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांनी हा प्रकार भरपूर वापरलाय. इथे बिघाड बहुतेक वेळा यांत्रिक असतो. गाळ साचून फ्लोट खाली अडकतो, किंवा त्याला भेग जाऊन आत पाणी शिरतं आणि तो बुडतो. टाकी भरलेली आणि दिवा चालू असेल, तर टाकीला बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारून बघा. दिवा गेला तर फ्लोट अडकतोय हे नक्की. टाकी काढून आतून धुतली की तो बऱ्याचदा मोकळा होतो.

डिस्टिल्ड वॉटरचं कोडं

आता ज्याने भलेभले चकतात ती गोष्ट. कूलंट थोडं कमी दिसलं, दुकानातून बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, टाकीत ओतलं. काम अगदी पुस्तकी झालं. आणि दिवा पेटला, किंवा आधी पेटलेला होता तो जाईचना!

कारण डिस्टिल्ड वॉटरमधून क्षार काढून टाकलेले असतात. क्षार नाहीत म्हणजे आयन नाहीत, आणि आयन नाहीत म्हणजे वीज जवळपास वाहतच नाही. नळाच्या पाण्याच्या तुलनेत त्याची वाहकता कित्येक पटींनी कमी असते. टाकी मुख्य प्रवाहाच्या एका बाजूला असते, त्यामुळे वरून ओतलेलं पाणी खालच्या कूलंटमध्ये लगेच मिसळत नाही. पिनांभोवती शुद्ध पाण्याचा थर राहतो आणि सर्किटच्या दृष्टीने टाकी रिकामीच असते. गाडी दोन-चार वेळा नीट गरम-थंड झाली, पाणी मिसळलं, की दिवा आपोआप जातो. पण वर्षानुवर्षं कमी पडलं की फक्त डिस्टिल्ड वॉटर ओतत राहिलं, तर सगळंच कूलंट पातळ होत जातं आणि एक दिवस दिवा कायमचा येऊन बसतो. त्या वेळी तो खोटा नसतो, हे मात्र समजून घ्या. लेव्हलबद्दल तो चुकतोय, पण कूलंटमधली गंजरोधक रसायनं पातळ झाल्याचं त्यातून उघड होतं. त्याला उपाय सेन्सर बदलणं नाही, कूलंट बदलणं.

यावर 'मग नळाचंच पाणी टाकू, वीज तरी वाहील' असं कुणी सुचवेल. ते करू नका. सोलापूर, लातूर, अहिल्यानगरकडच्या बोअरचं पाणी ज्यांनी पातेल्यात उकळून पाहिलंय त्यांना तळाशी बसणारा पांढरा थर माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तोच सेन्सरच्या पिनांवरही चढतो. क्षाराचा हा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे थोड्या महिन्यांनी दिवा पुन्हा हजर होतो, तेही भरलेल्या टाकीवर. योग्य प्रतीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण आधी डब्यात करून मगच टाकीत ओतलं, तर हे दोन्ही प्रश्न टळतात. तयार मिश्रण विकत मिळतं, तेही चालेल. रंगावरून मात्र कूलंट निवडू नका. गुलाबी, हिरवा, निळा हे रंग कंपन्या आपापल्या पसंतीने घालतात, त्यांना एकच ठरलेला अर्थ नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा डब्यावर छापलेला आहे का, एवढं बघा. वेगळ्या जातीची कूलंट एकत्र आली की कधी कधी चिकट गाळ तयार होतो, आणि तो फ्लोट, पिना, रेडिएटर सगळ्यांनाच भोवतो.

दिवा केव्हा पेटतो

डॉक्टर जसं 'ताप केव्हा येतो' विचारतो, तसं इथे दिव्याची वेळ बघायची. निम्मं निदान तिथेच होतं.

सकाळी थंड गाडी चालू करताना दिवा येतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी जातो? मग सेन्सर बहुधा ठणठणीत आहे आणि लेव्हल अगदी काठावर आहे. थंड कूलंट गरम होऊन नव्वद अंशांपर्यंत गेलं की साधारण चार टक्क्यांनी फुगतं. यंत्रणेत सहा लिटर असेल तर ही वाढ पाव लिटरच्या आसपास जाते, आणि ती सगळी टाकीतच दिसते. सकाळी पिनांच्या खाली असलेलं कूलंट दुपारी पिना बुडवतं. नाशिक, महाबळेश्वरच्या थंडीत जानेवारीत पहिल्यांदा दिवा दिसला, तर आधी हाच संशय घ्यावा. टाकी थंड असताना दोन खुणांच्या मध्ये लेव्हल आणा, प्रश्न संपला. पण मग ती कमी का झाली होती, हे शोधायचं राहतंच.

घाटात, वळणावर, ब्रेक लावल्यावर दिवा चमकून जातो? पुन्हा काठावरची लेव्हल, कारण टाकीतलं कूलंट एका बाजूला झुकतं. खड्ड्यात आदळल्यावरच येतो आणि लेव्हल मात्र भरपूर आहे? मग कनेक्टर सैल आहे किंवा वायर आतून तुटत आलीय. सतत, अखंड, कधीच न जाणारा दिवा असेल तर सर्किट कुठेतरी पूर्ण तुटलंय, किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी टाकी बाजूला करताना काढलेला कनेक्टर परत लावायचा राहिलाय. हे दुसरं ऐकायला किरकोळ वाटतं, पण सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत सगळ्यांत आधी तेच बघावं. नुकतंच कूलंट बदललं असेल आणि दोन-तीन दिवसांनी दिवा आला, तर आत अडकलेली हवा बाहेर पडून लेव्हल खाली बसलेली असते. एकदा भरलं की पुरतं. पुन्हा पुन्हा भरावं लागलं तर मात्र गळती आहे.

पावसाळ्याचं गणित थोडं वेगळं आहे. दोन पिनांच्या प्रकारात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, तर ते पाणीच दोन टोकं जोडतं. म्हणजे दिवा पेटत नाही, उलट कूलंट संपलं तरी तो शांतच राहू शकतो. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्या ओलाव्याने टोकं गंजतात, जोड तुटतो आणि मग कोरड्या दिवाळीत दिवा पेटायला लागतो. कारण जुलैमधलं, तक्रार नोव्हेंबरमधली, त्यामुळे दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

हाताने करायची तपासणी

इंजिन थंड, गाडी सपाट जागी, इग्निशन बंद. टाकीखालच्या कनेक्टरचा खटका दाबून तो सरळ ओढा. वायरीला धरून ओढू नका. आता टॉर्चच्या उजेडात आत बघा. धातूची टोकं स्वच्छ, चमकदार दिसायला हवीत. रत्नागिरी-मालवणकडच्या, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीचा कनेक्टर उघडलात तर तिथे हिरवट-पांढरी भुकटी दिसण्याची शक्यता जास्त. नखाने खरवडली तर ती चुऱ्यासारखी पडते आणि खाली टोक काळं, खडबडीत निघतं. भुकटीऐवजी गुलाबी किंवा हिरवा चिकट ओलावा दिसला तर गोष्ट वेगळी: टाकीत पिना जिथे प्लास्टिकमध्ये शिरतात त्या सांध्यातून कूलंट झिरपतंय. ती टाकी बदलावी लागेल, कनेक्टर पुसून भागणार नाही.

साधा गंज असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना टूथब्रश पुरतो. पॉलिश पेपर घासू नका, टोकांवरचा मुलामा निघून जातो आणि गंज दुप्पट वेगाने परततो. सुकू द्या, कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, इग्निशन चालू करून बघा. आणि एक पथ्य: पुष्कळ गाड्या दिवा एकदा पेटला की तो इग्निशन बंद करेपर्यंत तसाच ठेवतात, शिवाय हिंदकळण्यामुळे फसू नये म्हणून काही सेकंद वाट बघतात. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर किल्ली पूर्ण बंद, थोडं थांबून परत चालू, आणि मिनिटभर धीर धरायचा. ही घाई नडल्यामुळे 'काहीच फरक नाही' असं म्हणून चांगल्या टाक्या फेकल्या गेल्यात.

वायर तपासायची सोपी रीत म्हणजे दोघांनी मिळून करायची. एक जण बॉनेटखाली, दुसरा सीटवर. खालचा माणूस वायरिंगची जुडी टाकीपासून मागे, थोडी थोडी हलवत जातो. 'दादा, दिवा बघा, गेला का?' 'गेला... आला परत.' 'थांबा, इथेच आहे काहीतरी.' बहुतेक वेळा ती जागा एखाद्या क्लिपजवळ किंवा वळणावर सापडते, जिथे वायर सारखी वाकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी असलेली गाडी असेल तर इन्शुलेशनवर बारीक दातांच्या खुणा आणि आसपास लेंड्या शोधा. उंदीर कूलंटच्या टाकीमागच्या उबदार कोपऱ्यात हमखास घर करतात.

एवढ्यानेही कळलं नाही, तर सेन्सर दोषी की वायरिंग, हे वेगळं करायचं. पोलोसारख्या दोन पिना-दोन वायरींच्या प्रकारात कनेक्टर काढला की सर्किट तुटतं, म्हणून दिवा यायला हवा. मग कनेक्टरची दोन टोकं वायरच्या छोट्या तुकड्याने तात्पुरती जोडली, की सर्किट पूर्ण होतं आणि दिवा जायला हवा. दोन्ही वेळा अपेक्षेप्रमाणे घडलं तर वायरिंग आणि डॅशबोर्ड ठीक आहेत, दोष टाकीतल्या पिनांत किंवा कूलंटमध्ये आहे. जोडूनही दिवा जात नसेल तर वायर कुठेतरी तुटलीय. फ्लोटच्या प्रकारात काही गाड्यांत हे उलटं असतं, म्हणून तिथे वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. तीन वायरींचा कनेक्टर असेल तर तो इलेक्ट्रॉनिक सेन्सर आहे, त्याची टोकं अजिबात जोडायची नाहीत. आणि हात लावतोय तो कनेक्टर कूलंटच्या टाकीचाच आहे याची खात्री करा. जवळपास तापमानाच्या सेन्सरचेही कनेक्टर असतात.

मल्टिमीटर असेल तर टाकीच्या पिनांमधला रोध मोजता येतो, पण एका गोष्टीने गोंधळून जाऊ नका. मीटरचा एकाच दिशेचा प्रवाह कूलंटमधून गेला की पिनांवर आयन गोळा होतात आणि आकडा डोळ्यांदेखत सरकत राहतो. ते मीटरचं किंवा टाकीचं बिघडणं नव्हे. आकडा किती यापेक्षा तो मिळतोय की सर्किट साफ उघडं दिसतंय, एवढंच बघायचं. स्वस्तातल्या स्कॅनरवर मात्र फार विसंबू नका. लेव्हल सेन्सरची वायर बहुधा डॅशबोर्डच्या क्लस्टरला, म्हणजे काट्या-दिव्यांच्या पेटीला जाते, इंजिनच्या कॉम्प्युटरला नाही. फक्त इंजिनचे कोड वाचणारा स्कॅनर 'दोष नाही' असं दाखवतो आणि समोर दिवा लुकलुकत असतो.

'बायपास करून टाकू का?'

सर्किट जोडलं की दिवा जातो हे मेकॅनिकलाही माहीत असतं. त्यामुळे टाकी मागवण्याऐवजी दोन वायरी पिळून, टेप गुंडाळून 'झालं काम' असं सांगण्याचा मोह होतो. गिऱ्हाईकही खूश असतं, पैसे वाचले. मला हे अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण तापमानाच्या काट्यात आहे.

लोकांना वाटतं, लेव्हलचा दिवा नसला तरी काटा आहेच, गाडी तापली की कळेल. पण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. कूलंट वाहून गेलं आणि सेन्सर हवेत किंवा वाफेत उघडा पडला, तर इंजिनाचा धातू किती तापलाय हे त्याला कळतच नाही. काटा मधोमध राहू शकतो, कधी तर खालीही येतो. शिवाय आजच्या अनेक गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो नव्वदवरच स्थिर राहावा, नाहीतर लोक प्रत्येक घाटात घाबरतील. काही गाड्यांत तर काटा नाहीच, फक्त दिवे. म्हणजे होज पाईप फुटल्यावर पहिली काही मिनिटं तुम्हाला सावध करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे लेव्हलचा सेन्सर. ती मिनिटं हुकली की इंजिनाचा वरचा ॲल्युमिनियमचा भाग, म्हणजे हेड, वाकतो, त्याच्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं, आणि त्या खर्चासमोर टाकीची किंमत काहीच नाही. सेकंडहँड गाडी घेताना तर हा कनेक्टर ओढून बघाच. पोलोच्या प्रकारात ओढल्यावरही दिवा आला नाही, तर कुणीतरी आधीच वायरी पिळून ठेवल्यात. वर्षातून एकदा स्वतःच्या गाडीतही हे करून बघावं. विनाकारण पेटणारा दिवा निदान त्रास तरी देतो. कधीच न पेटणारा दिवा कुणाच्या लक्षातही येत नाही.

दिवा खरा निघाला तर

लेव्हल खरोखर कमी होती, भरली, दिवा गेला. इथे थांबू नका. टाकीवर बारीक चिकटपट्टी लावून आजची लेव्हल खूण करा आणि रोज सकाळी, गाडी त्याच जागी उभी असताना, बघा. बंद यंत्रणेतलं कूलंट आपोआप संपत नाही. खाली जात असेल तर ते कुठेतरी जातंय. पाईपांच्या सांध्यांवर, वॉटर पंपाखाली, थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घरापाशी वाळलेला गुलाबी किंवा पांढरा खडा दिसतो का बघा. गळती गरम इंजिनावर लगेच वाळते, त्यामुळे जमिनीवर थेंब दिसेलच असं नाही. गाडीत गोडसर वास येऊन काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल, तर हीटरचा कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. बाहेर काहीच नाही आणि सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा धूर येत राहतोय, तर हेड गॅस्केटची तपासणी तातडीने करून घ्या. आणि हे सगळं ठीक असेल तर झाकण बदलून बघा. त्याची स्प्रिंग थकली की दाब धरला जात नाही आणि कूलंट वाफेने थोडं थोडं निघून जातं.

दोन पिनांच्या टाकीत सेन्सर वेगळा मिळत नाही, अख्खी टाकी बदलावी लागते. त्याआधी एकदा टाकी सोडवून, आतले कूलंट काढून, लांब मऊ ब्रशने पिना हलकेच पुसून आणि डिस्टिल्ड वॉटरने खळखळून बघायला हरकत नाही. थर पातळ असेल तर एवढ्यावर वर्ष-दोन वर्षं निघतात. नवी टाकी घेतलीत तर झाकणही नवीनच घ्या. कूलंट हळूहळू भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, म्हणजे त्या बाजूची हवाही निघते. रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. मग रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी लेव्हल बघून जी तूट असेल ती भरा, आणि कनेक्टर ओढून दिवा येतो ना ते तपासा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही ते घातक आहे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, ज्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा करून पुढे पाठवतात तिथे नेऊन द्या. जमिनीवर सांडलेलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा.